नखांच्या रंगापासून बोटावरच्या आकड्यापर्यंत

छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन गाडी किनवटहून नांदेडला किंवा निलंग्याहून लातूरला निघते, तेव्हा त्याच्या बोटाला एक छोटा चिमटा लावतात. रक्तात ऑक्सिजन किती, हे त्यावरचा आकडा सांगतो. हा चिमटा घरोघरी पोचला तो २०२० नंतरच्या कोरोनात. पण त्याची गोष्ट जुनी आहे.

पूर्वी डॉक्टर नखे आणि ओठ पाहत. निळसर दिसले की धोका. १९४७ साली अमेरिकेत कॉमरो व बोटेल्हो यांनी ही नजर तपासली, तेव्हा बऱ्याच जणांना निळेपणा दिसेपर्यंत ऑक्सिजन पुष्कळ घटलेला असतो, असे आढळले. अंगात रक्तच कमी असेल, तर निळेपणा आणखी उशिरा दिसतो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी अभियंता ताकुओ आओयागी वेगळेच काही मोजत होते. नाडीचे ठोके मोजमापात अडथळा आणत. त्या अडथळ्यातच त्यांना उत्तर सापडले आणि पल्स ऑक्सिमीटर जन्मला. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, नेमके जगाला त्यांचे यंत्र हवे होते तेव्हा.

आपल्याकडे नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली आले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली, तेव्हा लातूरला ते नव्हते. तिथे ते २००२ साली सुरू झाले. १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली २०१४ पासून.

पण श्रोतेहो, आकडा म्हणजे सगळे नव्हे. हात गार पडले, रक्तदाब उतरला, की तो चुकतो. काळ्या त्वचेवर तो कधी कधी जास्त दाखवतो, हे २०२० च्या अमेरिकी अभ्यासाने पुन्हा दाखवून दिले. शिवाय ऑक्सिजन आत जाणे वेगळे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणे वेगळे. नळी लावलेल्या रुग्णाचा आकडा ९८ असतो, पण श्वास उथळ होऊन तो गुंगीत जात असतो. ते या चिमट्याला कळत नाही; त्यासाठी उच्छ्वासातला वायू मोजणारे वेगळे यंत्र लागते.

उलट, हार्ट अटॅक आला की सरसकट ऑक्सिजन लावायची जुनी रीतही आता मागे पडली. ऑक्सिजन ९० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्यांना त्याचा फायदा होत नाही, असे २०१७ साली स्वीडनमधल्या सहा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात दिसले.

म्हणून गाडीत शेजारी बसलेल्याने आकड्याबरोबर छातीकडेही पाहावे. घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजावेत. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात. फार कमी-जास्त वाटले, हाक मारून तो नीट ओ देईना, तर आकडा चांगला असला तरी ताबडतोब डॉक्टरांना सांगावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)