गार्गीच्या प्रश्नातील ‘ओतप्रोत’

‘ओतप्रोत’ हा शब्द आजच्या मराठीत ‘काठोकाठ भरलेला’ या अर्थाने रुळला असला, तरी बृहदारण्यकोपनिषदात (३.६ व ३.८) तो थेट विणकामातला आहे, वस्त्रात ताणा आणि बाणा, म्हणजे उभे व आडवे धागे, जसे परस्परांत गुंतलेले असतात तशी गुंफण त्यातून अभिप्रेत आहे. विदेहराज जनकाच्या ज्या यज्ञसभेत शिंगांना सोने बांधलेल्या १००० गाई पणाला लागल्या होत्या, तेथे वचक्नूची कन्या गार्गी ही ब्रह्मवादिनी, म्हणजे ब्रह्मविषयक चर्चा करणारी विदुषी, याज्ञवल्क्य ऋषीला विचारते की, हे सर्व पाण्यात विणलेले असेल तर पाणी कशात विणलेले आहे. प्रश्न पायरी-पायरीने ब्रह्मलोकापर्यंत चढतो, तेव्हा हा ‘अतिप्रश्न’, म्हणजे विचारण्याची मर्यादा ओलांडणारा प्रश्न असून पुढे गेल्यास मस्तक गळून पडेल, असे तो तिला बजावतो. गार्गीची कथा पुष्कळदा येथेच संपवली जाते, ते मूळ ग्रंथाला धरून नाही. सभेची अनुमती घेऊन ती पुन्हा उभी राहते, आपल्या दोन प्रश्नांना धनुर्धराच्या हातातील दोन बाणांची उपमा देते, आणि ‘अक्षर’ (येथे वर्ण नव्हे, तर न क्षरणारे तत्त्व) याचे विवेचन तिच्याच प्रश्नामुळे घडते. याज्ञवल्क्य अजिंक्य असल्याचा निर्वाळाही तीच देते. त्यानंतरही याज्ञवल्क्याशी वाद घालणाऱ्या विदग्ध शाकल्य या पंडिताचे मस्तक मात्र खरोखर गळते. आश्वलायन गृह्यसूत्रात तर्पणाच्या, म्हणजे ऋषी-आचार्यांना जल अर्पण करण्याच्या विधीत वडवा प्रातिथेयी व सुलभा मैत्रेयी यांच्यासह गार्गीचेही नाव घेतले जाते.