बिननावाच्या रेडिओचं वय

गुरुकुंज मोझरीत संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आटोपून एका ओळखीच्या घरी गेलो होतो. आजींनी लाकडी पेटी पुढे सरकवली. व्हॉल्व्हचा रेडिओ होता. कंपनीचं नाव कुठे नाही, मागचं पुठ्ठ्याचं झाकणही हरवलेलं. आजी म्हणाल्या, "बेचायीसचा हाये भाऊ. भूमिगतांच्या बातम्या यावरच आयकत."

नातवाला हा रेडिओ शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचा होता आणि पाटीवर '१९४२' लिहायचं होतं. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये स्थापन केलेला आश्रम याच गावात आहे. बेचाळीसच्या आंदोलनात महाराजांना अटक झाली. त्याच वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबर उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. अशा वर्षाची पाटी खात्री केल्याशिवाय लावू नये, असं मी म्हटलं आणि पेटी उघडली.

नाव नसलं तरी रेडिओची ओळख आत असते. काचेचे चार लहान व्हॉल्व्ह, प्रत्येकाला सात पाय. कापसाने धूळ हलकेच पुसली. जोरात पुसलं तर अक्षरंच जातात. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६. युरोपीय पद्धतीत पहिलं 'डी' म्हणजे दीड व्होल्टच्या आतली, बॅटरीवर चालणारी तार. 'के' लहरी बदलणारा, 'एल' स्पीकर वाजवणारा. आकड्यातला नऊ म्हणजे सात पायांची लहान बैठक. ही ९६ ची मालिका १९५० नंतरची. एखादा व्हॉल्व्ह नंतर बदललेला असू शकतो, पण चारही एकाच मालिकेचे आणि वायरिंगही मूळचं. डायलवर मात्र किलोहर्ट्झ नव्हे, किलोसायकल. म्हणजे हा रेडिओ पन्नास-साठच्या दशकांतला. बेचाळीस सालचा तो नक्कीच नव्हता.

लगेच काही बोललो नाही. आधी दुरुस्ती केली.

वीज नसलेल्या गावांत असे रेडिओ दोन बॅटऱ्यांवर चालत: तारेसाठी दीड व्होल्ट, बाकी कामासाठी नव्वद. नव्वद व्होल्टची वायर चुकून तारेला लागली, तर चारही व्हॉल्व्ह क्षणात जातात. म्हणून पहिल्या आणि सातव्या पायापासून वायरी माग काढत तपासल्या. जुन्या बॅटरीच्या जागी नऊ व्होल्टच्या दहा लहान बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या. तारेला टॉर्चचा एक सेल. आवाज आला, पण फाटका. शेवटच्या व्हॉल्व्हकडे जाणारा मेणकागदी कंडेन्सर गळत होता. तो बदलला आणि जुना कागदात गुंडाळून पेटीतच ठेवला. पुढे कुणी तपासेल, त्याला मूळ काय होतं ते कळायला हवं.

रात्री नागपूर केंद्र लागलं. तेही १९४८ सालचं. बेचाळीसला नागपुरात आकाशवाणी नव्हतीच.

आता सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "आजी, हा रेडिओ स्वातंत्र्यानंतरचा आहे. १९५६ मध्ये मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं बसवून पाहिली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं. त्या जमान्यातला हा."

नातवाचा चेहरा पडला. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे बेचायीसचा दुसरा असन. हा माह्या लग्नानंतरचा. कापूस इकला का याची बॅटरी येत होती. बॅटरी सरली का रेडिओ मुका, थो दुसऱ्या कापसापर्यंत."

ऐकलेली आठवण मागे पडली आणि जगलेली वर आली. घरात कुणी बेचाळीसचा आवाज ऐकला असेलही. त्याचा साक्षीदार हा रेडिओ नाही, एवढंच. नातवाने पाटी नव्याने लिहिली: 'आजीचा बॅटरीचा रेडिओ. कापसाच्या पैशांवर चालायचा.'