वाढत्या अंगाचं इंजिन

आमच्या लहानपणी शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवायची पद्धत होती. जूनमध्ये सदरा गुडघ्याला टेकायला बघायचा, आणि तो अंगाला नीट बसेपर्यंत कोपरावर विरलेला असायचा. पैसे वाया जाऊ नयेत हा त्यामागचा हिशेब. तो मी जन्मभर जपला, आणि गेल्या हिवाळ्यात त्याच हिशेबाने नातवाचं विमान पाडलं.

घाबरू नका, विमान रेडिओ कंट्रोलचं. पाच फूट पंखांचं, अडीच किलोच्या आसपास वजनाचं 'ट्रेनर', म्हणजे शिकाऊंसाठीचं. याचे पंख धडाच्या वरच्या बाजूला बसवलेले आणि टोकांकडे किंचित वर उचललेले असतात. त्यामुळे विमान कललं तरी आपणहून सरळ व्हायला बघतं. खोक्यावर लिहिलं होतं, इंजिन ४० ते ४६. हे आकडे घन इंचाचे शतांश. ०.४० घन इंच म्हणजे साधारण साडेसहा सीसी. मी दीडशे सीसीची स्कूटर चालवलेला माणूस, मला हसूच आलं! दुकानात ६० चं, म्हणजे जवळजवळ दहा सीसीचं इंजिनही होतं. नातू कुरकुरला, पण पैसे मी देणार होतो. म्हटलं, "मोठंच घे. उद्या मोठं विमान केलंस तर त्यालाही चालेल."

विमान उडालं मात्र झोकात. घात झाला तो उतरताना. मोठ्या इंजिनाने नाक जड झालं होतं, म्हणून तोल साधायला शेपटीत शिसं भरलं होतं. म्हणजे पंखांवर दोन्हीकडून ओझं. ओझं वाढलं की हवेत टिकायला वेगही जास्त लागतो. पोराने उतरायला वेग कमी केला, तसं विमान एका पंखावर कलंडलं आणि नाकावर आपटलं. बाल्सा लाकडाचा भुगा झाला. नातू रडला नाही. तुकडे गोळा करताना एवढंच म्हणाला, "आजोबा, आपलं लँग्ली झालं."

आता हा लँग्ली कोण? मी ३० वर्षं इतिहास शिकवला. राइट बंधूंचा धडा किती वर्गांकडून वाचून घेतला असेल, पण हे नाव कधी थांबून पाहिलं नव्हतं. घरी येऊन शोधाशोध केली.

सॅम्युअल लँग्ली हे मोठे खगोलशास्त्रज्ञ, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. ६ मे १८९६ रोजी त्यांनी पोटोमॅक नदीवर एका तरत्या घरावरून वाफेच्या इंजिनाचं बिनमाणसाचं विमान सोडलं. चार मीटर पंखांचं, ११ किलो वजनाचं, एक अश्वशक्तीचं. ते जवळजवळ एक किलोमीटर उडालं आणि अलगद पाण्यावर उतरलं. आमच्या नातवाच्या विमानाचं खापरपणजोबाच म्हणा ना! टेलिफोनवाले ग्रॅहम बेल तिथे हजर होते आणि त्यांनी फोटोही काढला.

१८९८ मध्ये अमेरिकेच्या युद्ध खात्याने माणूस नेणाऱ्या विमानासाठी त्यांना ५०,००० डॉलर दिले. लँग्लींचा विचार सरळ होता. छोटं उडालं, तर तेच मोठं करू आणि जोरदार इंजिन लावू. न्यूयॉर्कच्या बाल्झर नावाच्या कारागिराकडे त्यांनी १२ अश्वशक्तीचं इंजिन मागितलं. बाल्झरला ते साधेना. मग लँग्लींचा तरुण मदतनीस चार्ल्स मॅनली याने तेच काम हाती घेऊन तब्बल ५२ अश्वशक्तीचं इंजिन तयार केलं. त्या काळी ते एक आश्चर्यच होतं आणि त्याला आजही नावं ठेवायला जागा नाही.

पण लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. छोट्याला पुरलेला सांगाडा मोठ्याला पुरत नाही. शिवाय चालवायला बसणार होता मॅनलीच, आणि तो आधी कधीच उडाला नव्हता. ७ ऑक्टोबर १९०३ ला विमान सुटलं आणि सरळ नदीत गेलं. ८ डिसेंबरला पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी मागचा भाग मोडला आणि विमान उभं होऊन पाठीवर पडलं. मॅनली गोठत्या पाण्यातून कसाबसा वाचला. लँग्लींनी सोडण्याच्या यंत्रणेला दोष दिला. पुढच्या अभ्यासकांनी बोट ठेवलं ते कमकुवत सांगाड्यावर.

इकडे डेटन गावचे दोन सायकलवाले भाऊ उलट्या टोकाकडून निघाले होते. १९०१ मध्ये त्यांनी घरच्या घरी वाऱ्याचा बोगदा करून सुमारे २०० छोटे पंख तपासले. १९०२ च्या शरद ऋतूत किटी हॉकच्या वाळूत बिनइंजिनाच्या ग्लायडरवर सातशेहून जास्त वेळा उडाले. कलणं, सावरणं, वळणं, सगळं अंगात मुरवलं. मग हिशेब मांडला की आपल्याला आठ अश्वशक्ती पुरे, वजन ९० किलोच्या आत हवं. मोटारवाल्यांना पत्रं लिहिली, कुणी तसं इंजिन देईना. शेवटी त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलरने सहा आठवड्यांत इंजिन बनवलं. ते १२ अश्वशक्तीचं भरलं. १७ डिसेंबर १९०३ ला, म्हणजे मॅनली नदीत पडल्यावर नवव्या दिवशी, त्यांचं विमान उडालं. चौथ्या खेपेला ५९ सेकंद, ८५२ फूट.

मला गंमत वाटली ती पुढेच. माणसासकट दोन्ही विमानांचं वजन सारखंच होतं, सुमारे ३४० किलो! एकाला ५२ अश्वशक्ती आणि दुसऱ्याला १२. उडालं ते बारावालं.

हे वाचत बसलो असताना मला माझा मुलगा आठवला, म्हणजे या नातवाचा बाप. त्याला शाळेत घालताना मी जन्मतारीख पुढेमागे करून त्याला वर्षभर आधी पहिलीत बसवला होता. मास्तरांचा मुलगा, एक वर्ष वाचेल, नोकरीला लवकर लागेल! वर्गात तो कायम सगळ्यांत लहान. कायम धापा टाकत बरोबरीला यायचा. खेळात कुणी घ्यायचं नाही. पास होत गेला, नोकरीलाही लागला, म्हणून मी कधी विषय काढला नाही. त्यानेही नाही.

परवा जेवताना मी त्याला लँग्लींची गोष्ट सांगितली आणि मग शाळेचंही बोललो. म्हटलं, माझं चुकलंच तेव्हा. तो काही बोलला नाही. ताटातलं संपवून उठला. चार दिवसांनी संध्याकाळी कामावरून येताना ४० चं इंजिन घेऊन आला आणि मुलाच्या हातात दिलं. आता रात्री दोघं बाप-लेक नवे पंख चिकटवत बसतात. मला डिंकाची बाटली धरायचं काम आहे.

६० चं इंजिन तेल लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. लागेल तेव्हा काढू. असो.