कोल्हापूरचे हुजूरबाजार आणि क्वांटम वाहिनी

'हॅलो, ऐकू येतंय का?' असं फोनवर ओरडताना खरा प्रश्न एकच असतो: वाटेत गोंगाट मिसळला तरी 'हो' आणि 'नाही' वेगळे ओळखता येतील का? हा फरक मोजायचं एक माप केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीझ यांनी १९४६ मध्ये मांडलं. त्यांचे विद्यार्थी वसंत हुजूरबाजार, जन्म १९१९, आपल्या कोल्हापूरचे! त्यांनी १९५५ मध्ये संभाव्यता-वितरणांच्या एका मोठ्या कुटुंबासाठी त्याची नेमकी सूत्रं काढली. १९६२ मध्ये जपानच्या उमेगाकींनी त्याच्याच जवळच्या मापाला क्वांटम रूप दिलं. १९७५ मध्ये स्वीडनच्या लिंडब्लाड यांनी सिद्ध केलं की कुठल्याही क्वांटम वाहिनीतून गेल्यावर हा फरक वाढत नाही. म्हणजे वाटेत पुसलेलं पलीकडचं कुठलंच यंत्र परत आणत नाही. म्हणून संदेशाची काळजी घ्यायची ती पाठवण्याआधीच!