लुगड्याची गाठ, जांघेतली गाठ

आज एका छोट्या पेपरची गोष्ट सांगते.

नोव्हेंबर 2024 मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये वर्धा आणि मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्कर स्त्रियांच्या केसेस मांडल्या. दोघींच्या कमरेवर भरून न येणारी जखम होती. तपासणीत त्वचेचा कॅन्सर निघाला. वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधलेल्या कपड्यानं कातडी घासली गेली, असं डॉक्टरांचं म्हणणं. त्यातल्या एकीनं चाळीस वर्षं लुगडं नेसलं होतं. निदान झालं तेव्हा कॅन्सर जांघेतल्या लसिका ग्रंथीत पोचला होता.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात बाजारच्या दिवशी नऊवारीतल्या आज्या आजही दिसतात. कमरेवरचा काळा वळ त्यांना दुखणं वाटतच नाही.

हा शोध नवा वाटला ना? पण 1945 मध्येच मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 'धोतर कॅन्सर'वर लिहिलं होतं. अशा कॅन्सरला पुस्तकात 'मार्जोलिन अल्सर' म्हणतात. गंमत म्हणजे, मार्जोलिननं 1828 मध्ये व्रणांवरच्या जुनाट जखमांचं वर्णन केलं, पण त्यांना कॅन्सर म्हटलंच नव्हतं! म्हणून मूळ पेपर वाचायचा.

आता सर्जरीकडे येऊ. भोवतीच्या निरोगी कातडीसकट जखम काढतात, गरज पडली तर दुसरीकडची कातडी लावतात. कॅन्सर पसरला असेल तर जांघेतल्या ग्रंथीही काढतात. हा विचार जुना आहे. मेलानोमा या त्वचेच्याच दुसऱ्या कॅन्सरमध्ये ग्रंथी आधीच काढून टाका, असं लंडनच्या हर्बर्ट स्नोनं 1892 मध्ये सांगितलं. बरोबर शंभर वर्षांनी डोनाल्ड मॉर्टननं वेगळी वाट दाखवली: आधी फक्त पहिली, 'पहारेकरी' ग्रंथी तपासा. 2017 च्या मोठ्या चाचणीत तर दिसलं, की पहारेकरी ग्रंथीत कॅन्सर सापडल्यावर लगेच बाकीच्या काढल्या तरी मेलानोमाचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट सूज 24.1 टक्के रुग्णांना आली. नुसती नजर ठेवली त्यांच्यात 6.3 टक्के.

मात्र हा निष्कर्ष लुगड्याच्या कॅन्सरला जसाच्या तसा लावू नका. आजार वेगळा, आणि हाताला लागणाऱ्या गाठींसाठी ती चाचणी नव्हतीच. तसंच दोन केसेसवरून धोका किती, हेही ठरत नाही. तुमच्यासाठी प्रश्न इथंच आहे: नऊवारी नेसणाऱ्या किती जणींच्या कमरेवर वळ आहे, आणि त्यातले किती चिघळतात?

तोवर घरी आजी असेल तर गाठ थोडी सैल बांधायला सांगा. जखम भरत नसेल तर डॉक्टरला दाखवा, जांघेत गाठ यायची वाट बघू नका.