सबा, शेवा आणि सात

पेशवाईतले पत्र वाचायला घेतले की पहिली अडचण येते ती सनाची. "सन तिसा सलासीन मया व अलफ" असे काहीतरी लिहिलेले असते. हे साधे अरबी आकडे आहेत. तिसा म्हणजे नऊ, सलासीन म्हणजे तीस, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज ११३९. हा शुहूर सन. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की त्याचे वर्ष सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे हे वर्ष १७३८-३९ चे. मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांच्या हातून वसई गेली ती याच सनात. गोव्याचा इतिहास मराठी कागदांतून वाचणाऱ्याला त्यामुळे हे आकडे पाठ करावेच लागतात.

पाठ करता करता लक्षात येते की हे आकडे एकट्या अरबीचे नाहीत. अरबी, हिब्रू, अरमाईक, प्राचीन बाबिलोनची अक्कादी आणि इथिओपियाची अम्हारिक या सेमिटिक कुळातल्या बहिणी. चाराला अरबीत आणि हिब्रूतही 'अरबा' म्हणतात, अम्हारिकमध्ये 'अरात'. पाचाला अरबीत 'खम्स', हिब्रूत 'हामेश'. साताला अरबीत 'सबा', हिब्रूत 'शेवा', अम्हारिकमध्ये 'सबात'.

तीन हा आकडा तर फारच बोलका आहे. अरबीत 'थलाथ', हिब्रूत 'शालोश', अरमाईकमध्ये 'तलात', अक्कादीत 'शलाश', अम्हारिकमध्ये 'सोस्त'. यातला अरबी थ आपल्या 'थवा'तला नव्हे, तो जीभ दातांत धरून काढायचा. फारसीत तो उच्चार नाही, तिथे त्याचा स होतो. आपल्या दप्तरांत हे शब्द फारसीच्या वाटेने आले, म्हणून आपले कारकून 'सलास' लिहीत.

अरबीत जिथे हा थ, तिथे हिब्रूत श आणि अरमाईकमध्ये त, हा नेम आहे. आठाला अरबीत 'थमान', हिब्रूत 'शमोने', अरमाईकमध्ये 'तमाने'. आकडे सोडून बैलाकडे वळलो तरी तेच: अरबीत 'थौर', हिब्रूत 'शोर', अरमाईकमध्ये 'तौरा'. नुसते साम्य असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण फरकसुद्धा नेमाने होतात, तेव्हा ते नाते रक्ताचे असते.

दुसरा पुरावा व्याकरणाचा. यातल्या बऱ्याच भाषांत तीन ते दहा या आकड्यांचे लिंग नामाच्या उलट चालते. पुल्लिंगी नामाला आकड्याचे स्त्रीप्रत्यय लागलेले रूप आणि स्त्रीलिंगी नामाला बिनप्रत्ययाचे. हिब्रूत तीन मुलगे म्हणजे 'श्लोशा बानीम' आणि तीन मुली म्हणजे 'शालोश बानोत'. अरबीत तीन पुरुष 'थलाथा' आणि तीन स्त्रिया 'थलाथ'. असली विचित्र खोड भाषा सहसा उसनी घेत नाही, ती वारशानेच येते.

गंमत म्हणजे ही खोड आपल्या मराठी कागदांतही उतरली आहे. वर्षाला अरबीत 'सना' म्हणतात आणि हा शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणून शुहूर सनात 'सलास', 'खमस', 'सीत' अशी बिनप्रत्ययाची रूपे येतात, 'सलासा', 'खमसा' येत नाहीत. मग 'आर्बा', 'सबा', 'तिसा' यांच्या शेवटी आ कसा? तो प्रत्यय नव्हे. तिथे अरबीत 'ऐन' हा घशातला वर्ण आहे. आपल्याकडे त्याला अक्षर नाही, म्हणून तो आ झाला.

आता मथळ्यातल्या तिसऱ्या शब्दाकडे येतो. हिब्रू 'शेवा' आणि आपला 'सात', हिब्रू 'शेश' आणि संस्कृत 'षष्' ही जोडी दाखवून सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या असे ठासून सांगणारे लोक भेटतात. त्यांना फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याची आठवण करून द्यावी. हा माणूस १५८० च्या दशकात कोची आणि गोव्यात होता आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. संस्कृत आणि इटालियन यांतले सहा, सात, आठ, नऊ हे आकडे जुळतात हे त्याने पत्रांतून लिहून ठेवले. विल्यम जोन्सचे प्रसिद्ध भाषण १७८६ चे, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी.

सास्सेत्तीने चार आकडे ओळीने धरले, यात सगळे आले. हिब्रूबरोबर हाच प्रयोग केला तर सहा आणि सात जुळल्यासारखे वाटतात, पण आठाला 'शमोने' येतो आणि डाव मोडतो. नवाला 'तेशा', दहाला 'एसेर'. उलट जुन्या गोवेकरांच्या कानावरची पोर्तुगीज घ्या: दोइश, त्रेश, सेत, ओइतु, नॉव्ह, देश. ओळच्या ओळ आपल्या दोन, तीन, सात, आठ, नऊ, दहाशी जुळते. सात हा आकडा फार पूर्वी एका कुळातून दुसऱ्यात गेला असावा असे काही अभ्यासकांना वाटते, पण त्यावर एकमत नाही. तसे असले तरी ती उसनवारी ठरेल, नाते नव्हे.

उसनवारीचे स्वच्छ उदाहरण पूर्व आफ्रिकेत आहे. स्वाहिली ही बांटू कुळातली भाषा. तिचे एक ते पाच, आठ आणि दहा हे आकडे घरचे, पण सहा, सात, नऊ म्हणजे 'सिता', 'सबा', 'तिसा' हे अरबी व्यापाऱ्यांकडून आलेले. आपल्या मोडी कागदांतले हे जवळजवळ तेच शब्द. म्हणून स्वाहिली अरबीची बहीण होत नाही, की पेशव्यांचे कारकून अरब ठरत नाहीत.

एका शब्दावर वंशावळ लावू नये. दहाच्या दहा आकडे मांडावेत, फरकांतला नेम शोधावा, व्याकरणाची खोड तपासावी आणि मगच नाते सांगावे. संस्कृतचे मोठेपण 'शेवा'वर अवलंबून नाही, ते स्वतःच्या पायावर उभे आहे.