दगडफूल, अंबर आणि एक मराठी टीका

अमेरिकेतल्या अत्तरांच्या दुकानात ज्याला ‘ॲम्बर’ म्हणतात ते ना देवमाशाच्या पोटातले अंबर, ना दागिन्यात जडवतात तो तृणमणी. तो एक जुळवलेला वास आहे: लॅब्डॅनम या भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाचा चीक, ऊद आणि व्हॅनिला. १८७४ साली टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅनिलिन कृत्रिमरीत्या बनवले आणि या ऊबदार वासाची वाट मोकळी झाली. गेर्लांचे प्रसिद्ध ‘शालिमार’ १९२५ चे. या घराण्याला ‘ओरिएंटल’ म्हणत. २०२१ साली मायकेल एडवर्ड्स यांच्या सुगंधसूचीने ते नाव बदलून ‘ॲम्बर’ केले. खटकणारे नाव गेले, बरे झाले. पण पूर्वेकडे या विषयात नेमके काय होते, हे विचारायचे मात्र राहूनच गेले!

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, ‘गन्धयुक्ति’ नावाचा अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर प्रकार किती? १८२०, असे तो श्लोकातच सांगतो. संगणकापुढे आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याने हात जोडावेत असे हे गणित. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांमध्ये लेप आणि धूप यांना मानाची जागा दिली.

पण आपल्या दृष्टीने खरे घबाड निराळेच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गन्धसार’ आणि अज्ञात कर्त्याचा ‘गन्धवाद’ हे दोन ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. त्यांतल्या ‘गन्धवादा’ला चक्क मराठी टीका आहे! बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ साली दोन्ही छापले. माझा तर्क असा की पंडिताला संस्कृत पुरे होते. मराठीची गरज होती ती खलबत्ता हाती घेणाऱ्याला. आपली भाषा ओवी-अभंगांची, हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. ती कृती सांगणारी, मापे देणारी भाषाही होती, हे सांगायचे विसरतो.

आता थोडे अंगावरच्या वासाविषयी. मनगटावर लावलेले अत्तर म्हणजे एक छोटी ऊर्ध्वपातनाची भट्टीच. संत्र्या-लिंबाच्या सालीतले लिमोनीन १७६ अंश सेल्सियसला उकळते, लवंगेतले युजेनॉल २५४ ला, व्हॅनिलिन २८५ ला. कातडीवर काही उकळत नाही, हे खरे. पण उडून जाण्याचा क्रम साधारण हाच. म्हणून आधी आंबटसर झुळूक, मग मसाला आणि रात्री उशिरा अंगाशी चिकटून राहिलेला गोडसर राळेचा वास. जड द्रव्ये हलक्यांनाही थोडी धरून ठेवतात. ॲन आर्बरच्या हिवाळ्यात घरातली हीटरची हवा कातडी कोरडी करते आणि वास लवकर विरतो. आधी खोबरेल चोळावे, फरक पडतो.

कनौजचा ‘शमामा’ याच जातीचा, थंडीत लावायचा. तांब्याच्या देगमधली वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, पारंपरिक पद्धतीत चंदनतेलात, उतरते. प्रत्येक कारखान्याचा पाठ वेगळा, पण नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, लवंग, वेलची, जायफळ ही मंडळी वारंवार भेटतात. म्हणजे निम्मे दिवाळीचे उटणे आणि निम्मा मसाल्याचा डबा! शिवाय त्यात दगडफूलही असते. मी शमामा लावून जेवायला बसलो, तेव्हा इथेच जन्मलेल्या आमच्या मुलीने माझे मनगट हुंगले आणि विचारले, “बाबा, आज आमटी आहे का?”